फाईलमधलं बांडगूळ : व्हायरस प्रोग्रामच्या आत कसा राहतो आणि तो काढायचा कसा



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञानाचा मास्तर कॉम्प्युटरच्या व्हायरसवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही आयुष्यभर मुख्यतः तीन प्रश्न घोळवतो. समोरची वस्तू नेमकी काय आहे? ती ओळखायची कशी? आणि तिच्याबद्दल जो सांगतो आहे त्याच्यावर विश्वास कधी ठेवायचा? तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की हेच तीन प्रश्न तुमच्यापुढे येतात. फरक एवढाच, की वर्गात उत्तर चुकलं तर मार्क जातात, इथं चुकलं तर पाच वर्षांचा हिशेब जातो.

बुटीबोरीत हा विषय का, तेही सांगतो. इथं एमआयडीसी आहे. मोठ्या कारखान्यांकडे कॉम्प्युटर सांभाळणारी माणसं असतात. पण त्यांच्या आजूबाजूला जे लहान उद्योग आहेत, फॅब्रिकेशनचे, पॅकिंगचे, सुटे भाग बनवणारे, तिथं एकच कॉम्प्युटर ऑफिसात आणि दुसरा मशीनला जोडलेला. ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर येतं, पेन ड्राइव्हवरच जातं. मशीनचा कॉम्प्युटर जुना, त्यावर विंडोज जुनं, आणि ते बदलायचं तर मशीनचं सॉफ्टवेअर चालत नाही. मग येतात झेरॉक्सची दुकानं, टायपिंगचे क्लास, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रं. दिवसभरात पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह एकाच कॉम्प्युटरला लागतात. आज मी ज्या प्रकाराबद्दल बोलणार आहे, त्याला राहायला अशीच जागा लागते.

हा प्राणी कोणता?

आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो. पण यात जाती आहेत. जो स्वतःच नेटवर्कवरून या कॉम्प्युटरातून त्या कॉम्प्युटरात जातो, त्याला वर्म म्हणतात. जो चांगल्या प्रोग्रामचं सोंग घेऊन येतो, तो ट्रोजन. जो फाईलींना कुलूप लावून पैसे मागतो, तो रॅन्समवेअर. आणि जो दुसऱ्या प्रोग्रामच्या फाईलीत शिरून तिथं राहतो, ती फाईल चालली की स्वतः चालतो आणि पुढच्या फाईलीत आपली प्रत टाकतो, तो खरा, मूळ अर्थाचा व्हायरस. आज आपण याच्यापुरतं बोलू.

आंब्याच्या झाडावर बांडगूळ बघितलंय ना तुम्ही? त्याला जमिनीत स्वतःचं मूळ नसतं. ते फांदीत मूळ घालतं आणि झाडाचा रस ओढतं. लांबून बघितलं तर झाडाचीच फांदी वाटते, पानंही हिरवीच. फाईलीतला व्हायरस म्हणजे हे बांडगूळ. आणि आत्ताच एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल : बांडगुळाची नुसती पानं तोडली तर ते पुन्हा फुटतं.

या कल्पनेचा इतिहास फार जुना नाही. १९८३ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने असा प्रोग्राम प्रत्यक्ष करून दाखवला. त्याला व्हायरस हे नाव सुचवलं त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी. कोहेनने परवानगी घेऊन पाच वेळा प्रयोग केला. पाचही वेळा तासाभराच्या आत त्याला संपूर्ण यंत्रणेचे अधिकार मिळाले. एकदा तर पाच मिनिटांच्या आत. त्याने कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. लोक नेहमीसारखे प्रोग्राम चालवत होते, एवढंच. म्हणजे आपली रोजची कामं हेच त्याचं वाहन होतं.

फाईलीत शिरतो म्हणजे काय करतो?

आता थोडं आत जाऊ. घाबरू नका, गणित नाही.

प्रोग्रामची फाईल म्हणजे सूचनांची लांबलचक यादी. विंडोजमध्ये अशा फाईलीच्या नावाशेवटी बहुधा ईएक्सई असतं. या फाईलीच्या सुरुवातीला एक माहितीपत्रक असतं, त्याला हेडर म्हणतात. त्यात एक ओळ अशी असते : 'अमुक ठिकाणापासून वाचायला सुरुवात करा.' या जागेला एंट्री पॉइंट म्हणतात. आपण घराचा दरवाजा म्हणू.

फाईलीत शिरणारे बहुतेक व्हायरस तीन कामं करतात. एक, आपली सूचनांची गठडी फाईलीत कुठंतरी ठेवतात, बहुधा शेवटी. दोन, दरवाज्याचा पत्ता बदलतात, म्हणजे प्रोग्राम सुरू झाला की आधी व्हायरसच्या सूचना वाचल्या जातात. तीन, मूळ पत्ता जपून ठेवतात, आणि आपलं काम झालं की कॉम्प्युटरला तिकडे पाठवून देतात. म्हणून तुमचा प्रोग्राम नेहमीसारखा उघडतो. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. यजमान जगला तरच पाहुण्याचं चालतं.

पण सगळे इतके शिस्तीचे नसतात. काही व्हायरस मूळ सूचनांवरच आपल्या सूचना लिहितात. तिथं मूळ प्रोग्राम मेला. पाटीवरचं पुसून दुसरं लिहिलं, की आधीचं परत कुठून आणणार? अशी फाईल कुठलाही अँटिव्हायरस दुरुस्त करू शकत नाही. हेही लक्षात ठेवा.

तिसरा प्रकार जास्त हुशार. प्रोग्रामच्या फाईलीत मध्ये मध्ये रिकाम्या जागा सुटलेल्या असतात. १९९८ साली तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस या रिकाम्या जागांमध्ये आपले तुकडे बसवत असे. त्यामुळे फाईलीचा आकार वाढतच नसे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते तेव्हा बोंड बाहेरून चांगलंच दिसतं; फोडल्यावर कळतं. सीआयएचचं बोंड फुटलं २६ एप्रिल १९९९ ला. त्या दिवशी चालू झालेल्या बाधित कॉम्प्युटरांच्या हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग त्याने शून्यांनी भरून टाकला, आणि काही कॉम्प्युटरांची तर बायोसची चिपही खराब केली. म्हणजे मशीन सुरूच होईना.

आणखी एक गंमत बघा. व्हायरसलाही आठवण ठेवावी लागते, की या फाईलीत मी आधीच शिरलोय. त्यासाठी तो एक खूण करून ठेवतो. १९८७ साली जेरुसलेममध्ये सापडलेल्या व्हायरसची ही खूण ओळखण्यात गफलत होती. तो त्याच ईएक्सई फाईलीत पुन्हा पुन्हा शिरायचा, दर वेळी फाईल सुमारे १८०० बाइटने फुगायची. शेवटी ती मेमरीत मावेनाशी व्हायची. त्याचा लोभच त्याला उघडा पाडायचा. त्याच व्हायरसचं दुसरं लक्षण म्हणजे तेरा तारखेला शुक्रवार आला, की त्या दिवशी जो प्रोग्राम चालवाल तो पुसला जायचा.

आपल्याकडे फिरलेले

हे झालं जुनं. आपल्या देशातल्या कॉम्प्युटरांना गेल्या वीस वर्षांत छळलेली तीन नावं सांगतो, कारण जुन्या पेन ड्राइव्हवर आणि जुन्या बॅकअपमध्ये ती अजूनही सापडतात.

सॅलिटी. २००३ पासून याच्या आवृत्त्या येत राहिल्या. हा ईएक्सई फाईलींमध्ये शिरतो, पेन ड्राइव्हवर ऑटोरनची फाईल टाकतो, अँटिव्हायरस बंद पाडतो, टास्क मॅनेजर उघडू देत नाही, आणि विंडोजच्या सेफ मोडच्या नोंदीच पुसून टाकतो. म्हणजे चोर येतो तो आधी चौकीदाराला बांधून ठेवतो.

विरुट. हा दर वेळी आपलं रूप बदलतो. शिवाय याच्यात चुका आहेत, त्यामुळे कधी कधी तो फाईल अशी बिघडवतो, की व्हायरस काढला तरी प्रोग्राम चालत नाही. २०१३ च्या जानेवारीत पोलंडच्या संस्थेने याला हुकूम देणारे इंटरनेटवरचे पत्ते ताब्यात घेतले.

रॅमनिट. २०१० पासूनचा. हा ईएक्सई आणि डीएलएल फाईलींबरोबर एचटीएमएल पानांमध्येही शिरतो. म्हणजे तुम्ही साठवून ठेवलेलं साधं वेबपानसुद्धा लागणीचं साधन. पुढे तो बँकेचे पासवर्ड चोरू लागला. २०१५ च्या फेब्रुवारीत युरोपोलने याच्या जाळ्यावर कारवाई केली तेव्हा बाधित कॉम्प्युटरांचा आकडा ३२ लाख सांगितला गेला, आणि बाधित देशांच्या यादीत भारत वरच्या क्रमांकावर होता.

ओळखायचं कसं? लक्षणाचे दोष

आता माझ्या प्रांतात येतो. न्यायशास्त्रात वस्तूचं लक्षण कसं सांगावं याची फार काटेकोर चर्चा आहे. नेहमीचं उदाहरण गाईचं. 'शिंगं असतात ती गाय' म्हटलं, तर म्हैसही आत आली. हा अतिव्याप्तीचा दोष. 'तांबडी असते ती गाय' म्हटलं, तर पांढरी गाय बाहेर राहिली. ही अव्याप्ती. 'एक खूर असतो ती गाय' म्हटलं, तर एकही गाय सापडणार नाही. हा असंभव. मग गाईचं बरोबर लक्षण कोणतं? गळ्याखालची लोंबती पोळी, सास्ना. ती सगळ्या गाईंना असते, इतर कुणाला नसते.

अँटिव्हायरस नेमकं हेच करतो. प्रत्येक व्हायरसची सास्ना शोधतो. त्याच्या सूचनांमधला असा एक तुकडा निवडतो, जो या व्हायरसमध्ये असतोच आणि इतर कुठं नसतो. याला सिग्नेचर म्हणतात. अशा लाखो लक्षणांची वही अँटिव्हायरसजवळ असते, आणि रोज अपडेट होते ती ही वही. वही जुनी असेल तर नवी गाय ओळखू येत नाही.

इथं आपल्या मराठी माणसांचं काम सांगितलं पाहिजे. पुण्यात कैलास काटकर दुरुस्तीचा व्यवसाय करत होते, कॅल्क्युलेटरपासून सुरुवात केलेली. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणारी कितीतरी मशीनं बिघडलेली नसायची, त्यांना व्हायरसची लागण असायची. संजय यांनी एकेका व्हायरससाठी तो काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून १९९५ साली क्विक हील उभं राहिलं. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की हे ज्ञान दुरुस्तीच्या टेबलावरून आलं. रोगी समोर होता, म्हणून औषध शोधलं.

पण व्हायरस लिहिणारेही स्वस्थ बसले नाहीत. आपल्याकडे बहुरूपी यायचे, आज पोलीस, उद्या शंकर. तसा बहुरूपी व्हायरस आपला बहुतेक भाग दर वेळी नव्या किल्लीने गुप्त भाषेत लिहितो. प्रत्येक फाईलीत वेगळा दिसतो. सास्ना झाकलेली! यावर उपाय असा, की अँटिव्हायरस संशयित प्रोग्रामला एका बंद, खोट्या खोलीत चालवून बघतो. बहुरूपी घरी गेला की रंग पुसतोच. गुप्त भाषा उलगडली की आतला चेहरा दिसतो. दुसरा उपाय म्हणजे वागणुकीवर नजर. एखादा प्रोग्राम पटापट दुसऱ्या ईएक्सई फाईली उघडून त्यांचे दरवाजे बदलू लागला, तर त्याचं नाव माहीत नसलं तरी तो सज्जन नाही, हे अनुमान. धूर दिसला, तर अग्नी असलाच पाहिजे.

अनुमान म्हटलं की हेत्वाभास आलाच. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या कंपनीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट नावाची निरोगी फाईल व्हायरस म्हणून पकडली. जगभर कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. ही अतिव्याप्ती. म्हशीला गाय म्हणण्याने कुणाचं बिघडत नाही. पण निरोगी अवयवाला गाठ समजून कापलं तर बिघडतं.

मग असा एखादा अँटिव्हायरस का बनत नाही, जो कधीच चुकणार नाही? कोहेननेच याचं उत्तर देऊन ठेवलंय, आणि ते फार सुंदर आहे. समजा असा सर्वज्ञ परीक्षक आहे. आता मी एक प्रोग्राम लिहितो. तो सुरू झाला की परीक्षकाला विचारतो, 'मी व्हायरस आहे का?' परीक्षक 'हो' म्हणाला, तर माझा प्रोग्राम काहीच करत नाही, गप्प बसतो. परीक्षक 'नाही' म्हणाला, तर तो लगेच दुसऱ्या फाईलीत शिरतो. बघा! 'हो' म्हटलं तरी परीक्षक खोटा, 'नाही' म्हटलं तरी खोटा. म्हणजे असा सर्वज्ञ असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवलेल्या मर्यादेचंच हे भावंडं आहे.

याचा व्यवहारातला अर्थ काय? कुणी 'शंभर टक्के संरक्षण' विकत असेल, तर तो तर्काच्या विरुद्ध बोलतो आहे. अँटिव्हायरस हवाच. पण त्याच्या जोडीला बॅकअप हवा, कारण एक दिवस तो चुकणार आहे, हे सिद्ध झालेलं आहे.

विश्वास कुणावर?

न्यायशास्त्र म्हणतं, आप्ताचा शब्द हे प्रमाण. आप्त म्हणजे ज्याला गोष्ट माहीत आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो. प्रोग्रामच्या जगात डिजिटल सही हे आप्ताचं चिन्ह. फाईल बनवणाऱ्याची सही त्या फाईलीवर असते, आणि नंतर कुणी एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही.

आता क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर बघा. 'आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाईल चालवा' अशी सूचना सोबत असते. ज्याला आपण ओळखत नाही, तो सांगतो की चौकीदाराला सुट्टी द्या, आणि आपण देतो! चार पैसे वाचवताना याचा हिशेब करावा.

आणि आप्तही दूषित होऊ शकतो. २००९ साली इंडुक नावाचा व्हायरस सापडला. तो डेल्फी या प्रोग्राम बनवण्याच्या साधनातच शिरत असे. मग त्या कॉम्प्युटरवर जो नवा प्रोग्राम बनेल तो जन्मतः बाधित. बियाणंच बोगस निघालं तर शेतकऱ्याच्या मेहनतीचा काय उपयोग? २७ जून २०१७ ला नॉटपेट्या पसरला, तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्याचा फटका आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या गेटवे टर्मिनलपर्यंत आला आणि तिथलं कंटेनरचं काम अडलं. तो आजच्या आपल्या जातीचा व्हायरस नव्हता, पण धडा तोच आहे.

काढायचा कसा? क्रम महत्त्वाचा

आता ज्यासाठी आपण आलात ते. पायऱ्या सांगतो. क्रम सोडू नका.

पहिली : थांबा. इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. त्या कॉम्प्युटरला लागलेला पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला 'जरा बघू' म्हणून लावू नका. आणि एकामागून एक प्रोग्राम उघडून पाहू नका. तुम्ही उघडलेला प्रत्येक प्रोग्राम त्याला नवं घर देतो.

दुसरी : बाहेरून तपासा. बाधित विंडोज चालू असताना त्यातल्याच अँटिव्हायरसला विचारणं म्हणजे आरोपीच्या घरात बसून, आरोपीच्याच माणसाची साक्ष घेणं. सॅलिटी चौकीदाराला बांधतो, हे आपण पाहिलं. म्हणून निरोगी कॉम्प्युटरवर, नामांकित अँटिव्हायरस कंपनीच्या अधिकृत साइटवरून रेस्क्यू डिस्क बनवा, आणि बाधित मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. मग हार्ड डिस्कवरचा व्हायरस झोपलेला असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन आहे, तेही विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतं. साधारण पंधरा मिनिटं लागतात. लागण वरवरची असेल तर तिथून सुरुवात करा. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथं मोफत साधनं मिळतात.

तिसरी : आधी तुमची कामाची माहिती बाहेर काढा. पण काय काढायचं ते नीट ऐका. फोटो, पीडीएफ, हिशेबाचा डेटा, ड्रॉइंग, हे घ्या. ईएक्सई, स्क्रीनसेव्हरच्या फाईली, सॉफ्टवेअरचे सेटअप, साठवलेली वेबपानं, हे घेऊ नका. सेटअप पुन्हा मिळतात, मुलीच्या लग्नाचे फोटो मिळत नाहीत. हेही काम रेस्क्यू डिस्कवरून सुरू केलेल्या मशीनवरच करा. वर्ड आणि एक्सेलच्या फाईली घ्या, पण उघडताना मॅक्रो चालू करू नका.

चौथी : सगळं तपासा. सी ड्राइव्ह साफ केला आणि डी राहिला, तर चार दिवसांत पुन्हा तेच. ऑफिसातला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक पेन ड्राइव्ह, कपाटातली जुनी हार्ड डिस्क. बांडगुळाची एक गाठ राहिली तरी ते फुटतं. विंडोजचे जुने रिस्टोर पॉइंटही काढून टाका, त्यातही प्रत असू शकते.

पाचवी : अँटिव्हायरस विचारेल, दुरुस्त करू, अलग ठेवू की पुसू? आधी दुरुस्त. दुरुस्तीत तो मूळ दरवाज्याचा पत्ता शोधून परत लिहितो आणि वरची गठडी कापतो. ते जमलं नाही तर अलग ठेवा, म्हणजे क्वारंटाइन. सरसकट पुसू नका. हजार बाधित फाईली एकदम पुसल्या तर विंडोजही उभं राहत नाही. घाईचं एक उदाहरण देतो. नेश्ता नावाचा व्हायरस विंडोजच्या फोल्डरमध्ये स्वतःची एक फाईल ठेवतो आणि रजिस्ट्रीत अशी नोंद करतो, की कुठलाही ईएक्सई उघडायचा तर आधी माझ्या फाईलीला विचारा. कुणी नुसती ती फाईल पुसली आणि नोंद तशीच ठेवली, तर त्या कॉम्प्युटरवर एकही प्रोग्राम उघडत नाही! आधी नोंद सुधारायची, मग फाईल.

सहावी : दुरुस्त झालेल्या फाईलीवर विसंबून राहू नका. नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल विचारलं होतं, यात रथ नेमका कोणता? दुरुस्त केलेली फाईल मूळ फाईलच आहे का, हा तोच प्रश्न. इथं उत्तर मोजता येतं. हॅश म्हणजे फाईलीचा अंगठ्याचा ठसा. तो मूळ ठशाशी जुळला तरच ती मूळ फाईल. पुष्कळदा जुळत नाही. म्हणून प्रोग्राम मूळ सेटअपवरून पुन्हा बसवा. विंडोजच्या स्वतःच्या फाईलींसाठी ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा आहे.

सातवी : दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला. बँकेचा आधी, मग ईमेलचा.

पुन्हा होऊ नये म्हणून

रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं वापरा. त्या खात्यातून चाललेल्या व्हायरसला प्रोग्राम फाईल्सच्या फोल्डरमध्ये लिहिताच येत नाही. एवढ्या एका सवयीने अर्धी लढाई जिंकता येते.

मशीनला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेट देऊ नका. त्याच्यासाठी एकच पेन ड्राइव्ह ठेवा, त्यावर रंग लावा, आणि तो आधी एका तपासणीच्या कॉम्प्युटरवरूनच जाऊ द्या. जमत असेल तर त्या मशीनवर ठरलेलेच प्रोग्राम चालतील अशी यादी लावून घ्या.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि एक प्रत कॉम्प्युटरपासून सुटी असलीच पाहिजे. जोडून ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नाही, तो त्याच घरातला दुसरा खोला आहे.

आता आपले प्रश्न.

प्रश्न : सर, पेन ड्राइव्हमधले फोल्डर गायब होतात आणि सगळे शॉर्टकट दिसतात. हाच व्हायरस का?

उत्तर : बहुधा नाही. तो फाईलीत शिरत नाही, फोल्डर लपवून ठेवतो आणि त्या नावाचा सापळा पुढे मांडतो. तुमचा डेटा बहुतेक वेळा तिथंच असतो, म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी कॉम्प्युटर साफ करा, मग पेन ड्राइव्ह तपासा, आणि अट्रिब या आज्ञेने लपवलेले फोल्डर दाखवा. कॉम्प्युटर तसाच ठेवून पेन ड्राइव्ह साफ केला, तर लावल्याबरोबर पुन्हा तेच.

प्रश्न : आमचा कॉम्प्युटरवाला प्रत्येक वेळी म्हणते, फॉरमॅट मारून टाका. बरोबर आहे का?

उत्तर : विरुट, सॅलिटीसारखी खोल लागण असेल तर तोच सल्ला योग्य आहे. दोन दिवस दुरुस्ती करत बसण्यापेक्षा नव्याने विंडोज बसवणं जास्त खात्रीचं. पण त्याला दोन प्रश्न विचारा. माझा डेटा काढला का, आणि तो तपासून काढला का? नुसता सी ड्राइव्ह फॉरमॅट करून डी ड्राइव्हवरचा जुना सेटअप पुन्हा चालवला, तर पैसे गेले आणि व्हायरस राहिला.

प्रश्न : आमच्या युनिटमध्ये एका पोराच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला. त्याच्या पगारातून खर्च कापायचं चाललं आहे. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : चांगला प्रश्न विचारलात. कायदा आधी सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय व्हायरस घालणं हा भरपाईचा विषय आहे, आणि अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कपट हा शब्द लक्षात घ्या. त्या पोराने ड्रॉइंग आणलं होतं, व्हायरस आणायचा त्याचा हेतू नव्हता.

पण मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. फाईलीतल्या व्हायरसला वेळ लागतो. पहिल्या दिवशी दहा फाईली, आठव्या दिवशी दहा हजार. पहिल्या दिवशी 'साहेब, काहीतरी गडबड आहे' असं कुणी सांगितलं, तर तासाभराचं काम असतं. तुम्ही पगार कापलात, तर पुढच्या वेळी कुणीच सांगणार नाही. पेन ड्राइव्ह खिशात जाईल, तोंड बंद राहील, आणि आठवा दिवस उजाडेल. जगातला कुठलाही अँटिव्हायरस ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्या माणसाच्या शब्दाची जागा घेऊ शकत नाही. त्या पोराचा पगार कापू नका. त्याला तपासणीच्या कॉम्प्युटरची जबाबदारी द्या.